तुकडा घेण्याआधी रुग्णाशी बोला

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

रुग्णाच्या शरीरातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या ऑर्गनॉइडवर आपण अर्धे पान बातमी दिलीत, याचा मनापासून आनंद झाला. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून हेच काम करते. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींपासून ऑर्गनॉइड वाढवणे हा आमचा विषय. मात्र बातमीच्या मथळ्यात 'अवयव' आले आणि काही घरांत नको ती आशा उभी राहिली. माझ्या चुलत दिरांचे डायलिसिस चालू आहे. बातमी वाचून त्यांनी लगेच फोन केला, "वहिनी, मग किडनी तयार व्हायला किती दिवस लागत्यात?" त्यांना समजावून सांगणे मला फार जड गेले. म्हणून आधी हे काम नेमके काय आहे ते सांगते आणि मग ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्यावर येते. रुग्णाच्या शरीरातला तुकडा घेताना आपण त्याच्याशी ज्या पद्धतीने बोलतो, किंवा बोलतच नाही, ते बदलले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

ऑर्गनॉइड म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा गोळा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, नसा नसतात, रोगाशी लढणाऱ्या पेशीही नसतात. रक्तपुरवठा नसल्यामुळे तो फार मोठा होऊच शकत नाही. वाढत गेला की आतपर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि मधल्या पेशी मरू लागतात. किडनीचे ऑर्गनॉइड जगात बऱ्याच ठिकाणी वाढवले जातात, पण ती रुग्णाला बसवायची किडनी नव्हे. त्यांचा उपयोग रोग समजून घेण्यासाठी आणि औषधे तपासण्यासाठी. साध्या प्लेटमध्ये पेशी वाढवल्या तर त्या तळाला चिकटून सपाट पसरतात आणि शरीरातले त्यांचे वागणे बरेचसे हरवते. ऑर्गनॉइडमध्ये त्या सगळ्या बाजूंनी वाढतात, एकमेकींशी जुळवून घेतात आणि मूळ अवयवातली रचना थोडीफार पुन्हा उभी करतात. ज्या रुग्णाच्या पेशी, त्याचीच जनुके, त्याच्याच रोगाची खोड.

आमच्याकडे काम असे चालते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आधी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. निदानासाठी आणि काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नाही ना हे पाहण्यासाठी लागेल तेवढा भाग त्यांचा. त्यातून उरलेला काही मिलिमीटरचा तुकडा बर्फात ठेवलेल्या नळीतून आमच्याकडे येतो. तोंडातला तुकडा म्हटला की सोबत जिवाणू आणि बुरशी आलीच, त्यामुळे अँटिबायोटिकच्या द्रावणात तो पुन्हा पुन्हा धुवायचा. ब्लेडने बारीक करायचा, एन्झाइम घालून 37 अंशांवर ठेवायचा, गाळायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचा. तळाशी बसलेल्या पेशी थंडगार जेलमध्ये मिसळायच्या. हे जेल थंड असताना पातळ असते आणि ऊब लागली की घट्ट होते, म्हणून हात चटचट चालवावा लागतो. पिपेटमध्येच घट्ट झाले तर सॅम्पल गेले. कोमट प्लेटमध्ये एकेक थेंब सोडायचा आणि प्लेट उलटी करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची, म्हणजे पेशी तळाला न बसता थेंबातच अधांतरी राहतात. थेंब जमला की वरून मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारे द्रावण, घालायचा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी तो बदलायचा, मग रविवार असो नाहीतर गौरी-गणपती.

सुरुवातीला मायक्रोस्कोपखाली नुसते सुटे ठिपके दिसतात. नशीब असेल तर आठवडाभरात त्यातल्या काही ठिपक्यांना कड येते, ते भरू लागतात. आतड्याचे ऑर्गनॉइड पोकळ आणि पारदर्शक असतात, त्यांना बाजूंनी अंकुर फुटतात. तोंडाच्या कॅन्सरचे गोळे सहसा भरीव आणि गडद. काहींच्या मध्यभागी केराटिनची, म्हणजे केसा-नखांत असते त्या प्रथिनाची, गोल वलये साचलेली असतात, आणि पॅथॉलॉजिस्ट मूळ गाठीच्या स्लाइडवर नेमकी तशीच वलये दाखवतात. ती जोडी पहिल्यांदा जुळलेली पाहिली त्या दिवशी मला डबा उघडायचे भान राहिले नव्हते. पण प्रत्येक तुकडा वाढत नाही. काही सॅम्पल बुरशी खाऊन टाकते. काहींत गाठीलगतच्या निरोगी पेशीच जास्त जोमाने वाढतात आणि कॅन्सरच्या पेशी मागे पडतात, म्हणून वाढलेले नेमके काय आहे हे जनुके तपासून पक्के करावे लागते. बातम्यांमध्ये हे कष्ट दिसत नाहीत आणि त्यामुळे प्लेटमधला निकाल फार सोपा वाटतो.

या विद्येचे माहेर नेदरलँड्समधले उट्रेख्ट. तिथल्या ह्युब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने 2007 मध्ये आतड्यातल्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून अस्तराच्या बाकी पेशी तयार होतात) ओळखण्याची खूण शोधली. 2009 मध्ये त्याच गटातल्या तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली अशी एकच पेशी जेलमध्ये ठेवली, तिला लागणारी मोजकी प्रथिने दिली आणि तिच्यापासून आतड्याच्या अस्तराची छोटी प्रतिकृती वाढवून दाखवली. तोपर्यंत आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशींशिवाय असे काही वाढेल, यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

त्या कामाचा रुग्णाला झालेला सर्वांत स्वच्छ उपयोग मला सिस्टिक फायब्रोसिसमध्ये दिसतो. या आनुवंशिक आजारात पेशींच्या पडद्यावरचे क्षार आणि पाणी सोडणारे एक दार बिघडलेले असते; फुफ्फुसात घट्ट कफ साचतो, मूल वारंवार आजारी पडते. या एकाच जनुकात 2000 हून अधिक बदल नोंदले गेले आहेत. त्यातल्या नेहमीच्या बदलांवर औषधांच्या चाचण्या होतात. ज्या बदलाचे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी चाचणी कोण करणार? 2013 मध्ये उट्रेख्टच्याच येफ्री बेकमन यांच्या गटाने मार्ग दाखवला. रुग्णाच्या गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा घ्यायचा, ऑर्गनॉइड वाढवायचे आणि त्यावर फॉर्स्कोलिन, म्हणजे ते दार उघडायला लावणारे रसायन, घालायचे. निरोगी माणसाचे ऑर्गनॉइड आत पाणी ओढून टरारून फुगतात. रुग्णाचे तसेच निपचित राहतात. मग औषध घालून पुन्हा पाहायचे. फुगले तर या माणसाला औषध लागू पडण्याची शक्यता चांगली. दुर्मिळ बदल असलेल्या नेदरलँड्समधल्या काही रुग्णांना या चाचणीच्या आधारावर खरोखरच औषध मिळाले आणि ते सुधारले. भारतातल्या मुलांमध्ये युरोपातला नेहमीचा बदल त्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे आपल्याकडे या चाचणीची गरज जास्तच आहे.

कॅन्सरचे गणित इतके सरळ नाही, आणि हे मी माझ्याच क्षेत्राबद्दल स्पष्ट सांगते. 2018 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या संशोधकांनी पचनसंस्थेचे पसरलेले कॅन्सर असलेल्या रुग्णांचे ऑर्गनॉइड आणि त्याच रुग्णांना मिळालेला प्रत्यक्ष प्रतिसाद ताडून पाहिला. जे औषध ऑर्गनॉइडवर चालले नाही, ते रुग्णातही चालले नाही, अगदी प्रत्येक वेळी. जे चालले, ते 88 टक्के वेळा रुग्णातही चालले. जगभर याचे कौतुक झाले, पण ताडून पाहिलेल्या जोड्या होत्या 21. पुढे नेदरलँड्समध्ये एक पाऊल पुढे टाकून ऑर्गनॉइड ज्या औषधाला दाद देतील तेच औषध रुग्णाला देऊन पाहिले. 2021 मध्ये निकाल आला: प्लेटमध्ये पेशी मेल्या होत्या, रुग्णांच्या गाठी मात्र आटल्या नाहीत. म्हणून 'ऑर्गनॉइड टेस्ट करा, औषध हमखास कळेल' असे कुणी सांगून पैसे मागत असेल, तर कृपया आधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारा. घर गहाण टाकून उपचार करणाऱ्या कुटुंबांना मी रोज पाहते, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

बातमीत प्राण्यांवरचे प्रयोग आता संपल्यात जमा असेही एक वाक्य होते. आपल्या केंद्र सरकारने 2023 मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारित पद्धतींना वाव दिला, ही मोठी गोष्ट आहे. पण आम्ही वापरतो ते जेल उंदराच्या गाठीपासूनच काढतात. त्याला पर्याय शोधले जात आहेत, अजून ते सर्वत्र रुळलेले नाहीत.

इतक्या मर्यादा असताना हे काम का करायचे? तर आपल्या रुग्णांसाठी ते दुसरे कुणी करून देणार नाही म्हणून. उट्रेख्टमध्ये 2019 पर्यंत डोके आणि मानेच्या कॅन्सरचे 31 ऑर्गनॉइड वाण तयार झाले होते, पण ते तिकडच्या रुग्णांचे. पाश्चात्त्य देशांत घशाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणूचा हात मोठा. आपल्याकडे तंबाखू गालात धरायची, मिश्री हिरडीला लावायची, गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली तरी तो खायचा, आणि गाठ यायची ती गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत. खारघरचे ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचे कॅन्सर संशोधन केंद्र, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून 2013 मध्ये नेमक्या याच कॅन्सरच्या जनुकांचा आराखडा मांडला, तेव्हा नेहमीच्या बदलांबरोबर इथल्या गाठींचे म्हणून वेगळे बदलही दिसले. त्यावर कोणते औषध चालेल हे तपासायचे तर इथल्याच गालातला तुकडा लागेल. तो देणारा माणूस इंदापूरचा असेल, बार्शीचा असेल, परभणीचा असेल. आणि इथेच मला जे सांगायचे आहे ते येते.

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयात सॅम्पल आणायला गेले होते. एक आजी शस्त्रक्रियेसाठी तयार होऊन स्ट्रेचरवर बसलेल्या, अंगात हिरवा गाऊन, हातातल्या बांगड्या काढून सुनेच्या रुमालात. आयुष्यभर मिश्री लावलेली. त्याच वेळी संशोधनाचे संमतीपत्रक आले आणि मुलगा सही करायला पुढे झाला. आजी पूर्ण शुद्धीवर, शहाण्या, बोलत्या. सहीचा किंवा अंगठ्याचा अधिकार त्यांचा. मी कागद हातात घेतला. मराठीतच होता, पण वाक्ये 'सदर जैविक नमुन्यापासून व्युत्पन्न होणाऱ्या संवर्धनांवरील सर्व हक्कांचा मी स्वेच्छेने परित्याग करीत आहे' अशा धाटणीची. मी स्टुलावर बसले आणि साध्या भाषेत सांगू लागले. आजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "माझं दुखणं तुम्ही तिकडं वाढवणार. मग हिकडं माझ्या अंगात ते परत वाढायचं नाही ना?"

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. ज्याने आयुष्यात पेशी पाहिलेली नाही, त्या कुणालाही पडावा असा तो रास्त प्रश्न आहे, आणि तो पडू शकतो हे त्या चार पानांच्या कागदावर कुणाच्याही लक्षात आलेले नव्हते. मी सांगितले की नाही, तिकडच्याचा आणि तुमच्या अंगाचा आता काही संबंध राहणार नाही. गाठ तर काढायचीच आहे, त्यातला जो भाग तपासणीला लागणार नाही तोच आम्ही नेणार. "आन् ते कशानं मरतंय ते बगणार?" हो म्हणाले. "मग न्या की. पर कळलं काय तर मला सांगा."

त्यांनी अंगठा दिला. कागदावर मात्र छापलेले होते की संशोधनाचे निष्कर्ष नमुनादात्यास कळवले जाणार नाहीत. आजींची एकच अट होती, आणि ती पाळण्याची सोयच तिथे ठेवलेली नव्हती. हे त्या एका रुग्णालयापुरते नाही. बहुतेक ठिकाणी असेच चालते, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. निवासी डॉक्टरांना जेवायला फुरसत नसते, त्यांच्याकडून निवांत संवादाची अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

आता ऑर्गनॉइडच्या बाबतीत हे जास्त गंभीर का, ते सांगते. पॅथॉलॉजीसाठी घेतलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसतो, तो मृत असतो. आमच्याकडचा तुकडा जिवंत राहतो. तो वाढवून, वाटून, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे ठेवता येतो आणि रुग्ण हयात नसतानाही पुन्हा जागा करता येतो. त्याची सगळी जनुके वाचली जातात, आणि ती जनुके मुलाबाळांतही असतात. तो दुसऱ्या संस्थेला, परदेशात, कंपनीला देता येतो. उट्रेख्टमध्ये ऑर्गनॉइड तंत्रज्ञान आणि बायोबँक, म्हणजे अशा नमुन्यांचा साठा, सांभाळण्यासाठी ना-नफा तत्त्वावर सुरू झालेली संस्था जर्मनीच्या मर्क कंपनीने विकत घेत असल्याची घोषणा 2024 च्या डिसेंबरमध्ये झाली. यात बेकायदा काही नाही. कंपन्यांशिवाय औषध बाजारात येत नाही हेही मला मान्य आहे. पण बार्शीच्या शेतकऱ्याने दिलेला तुकडा उद्या असा हस्तांतरित होणार असेल, तर ती शक्यता त्याला आज, त्याच्या भाषेत, सांगितलेली हवी.

उट्रेख्टच्याच सारा बूर्स आणि आनेलीन ब्रेडेनोर्ड या नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये एक फार शहाणा विचार मांडला. ऑर्गनॉइडचा पुढे काय काय उपयोग होईल हे आज कुणालाच सांगता येत नाही, मग 'सर्व माहिती देऊन संमती घेतली' असे म्हणण्यात अर्थ काय? त्यापेक्षा रुग्णाला सांगा की हा साठा कोण सांभाळतो, कोणाला द्यायचे हे कोण ठरवते, पैसे आले तर कुठे जातील, आणि तुम्हाला वेळोवेळी कसे कळवू. म्हणजे संमती त्या कारभाराला. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे बरेचसे आहे: समजणाऱ्या भाषेत माहिती, संमतीपत्रकाची प्रत रुग्णाच्या हाती, संमती मागे घेण्याचा हक्क, व्यापारी वापर झाल्यास लाभातल्या वाट्याचा विचार. नियम चांगले आहेत. स्ट्रेचरपर्यंत पोचेपर्यंत त्यांचा नुसता कागद होतो.

माझी मागणी फार खर्चाची नाही. शस्त्रक्रिया ठरते तेव्हा ओपीडीतच, किमान आदल्या दिवशी वॉर्डात, ऑपरेशनच्या संमतीपासून वेगळी अशी ही संमती घ्यावी. त्यासाठी एक समुपदेशक असावी, जिला रुग्णाची बोली कळते आणि जिच्यावर इतर कामांचे ओझे नाही. तिने सांगावे की नाही म्हटलात तरी उपचारांत तसूभर फरक पडणार नाही. हेही सांगावे की यातून तुम्हाला स्वतःला बहुधा काही फायदा होणार नाही, कारण ऑर्गनॉइड वाढून निकाल येईपर्यंत तुमचे उपचार पुढे गेलेले असतील. खोटी आशा दाखवून घेतलेली सही मला नको आहे. रुग्ण इतके ऐकूनही 'न्या' म्हणतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आपल्यानंतरच्या कुणाला तरी उपयोग व्हावा ही भावना आपल्या माणसांत भरपूर आहे. तिला फसवून घेण्याची गरजच नाही.

आणि वर्षातून एकदा साध्या मराठीत एका पानाचे पत्र किंवा फोनवर आवाजी निरोप रुग्णाला, तो नसेल आणि त्याने तशी परवानगी दिली असेल तर घरच्यांना, जावा. तुमच्या आणि तुमच्यासारख्यांच्या तुकड्यांवर यंदा अमुक औषधे तपासली, अमुक चालली नाहीत, एवढा मजकूर पुरे. चालले नाही हेही कळवण्यासारखेच असते. आमच्या प्रयोगशाळेत असा निरोप सुरू करण्याचा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे दिला आहे आणि त्यांनी तो उचलून धरला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक नैतिकता समितीवर वैद्यकक्षेत्राबाहेरचा एक सामान्य सदस्य असावाच लागतो. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, सामाजिक कार्यकर्ते अशी मंडळी तिथे असतात आणि त्यातले बरेच जण हे पान वाचत असतील. त्यांनी पुढच्या बैठकीत मराठी संमतीपत्रक मागून घ्यावे आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. जे वाक्य वाचताना अडखळायला होईल, ते बदलल्याशिवाय मंजुरीवर सही करू नये.

आपली नम्र वाचक,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)